जागेवर उभ्या गाडीचा वर्ग : गंगापूर रोडवरील एका प्रशिक्षणाविषयी

नाशिकमध्ये मोटार ड्रायव्हिंग स्कूलची वाण नाही. सिडको, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड अशा कोणत्याही भागात सकाळी फिरायला बाहेर पडले, की टपावर पाटी लावलेल्या आणि बिचकत बिचकत पुढे सरकणाऱ्या दोन-चार गाड्या दिसतातच. यांतील बहुतेक ठिकाणी शिकवणीचा सारा रोख पेठ रोडवरील आरटीओची चाचणी पार पडण्यावर असतो. पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याला स्टिअरिंगमागे बसवून ‘क्लच दाबा, फर्स्ट टाका, हळूहळू सोडा’ असे सांगितले जाते आणि समोरच्या मीटरमध्ये काय काय लुकलुकते आहे, याकडे परवाना हातात पडेपर्यंत कोणी बोटही दाखवत नाही. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 31 ने ड्रायव्हिंग स्कूलना जो अभ्यासक्रम घालून दिला आहे, त्याची सुरुवातच वाहनाची ओळख, पायाने व हाताने वापरायची नियंत्रणे, मीटर आणि काटे, तसेच गाडीत बसण्यापूर्वी व बसल्यानंतर करायची तपासणी यांनी होते. कागदावर राहिलेला हा भाग मनापासून शिकवणारा एक वर्ग गंगापूर रोडलगतच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चालतो, आणि तो पूर्ण केल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. नाव देत नाही, कारण वर्ग अजून नवा आहे आणि पुढे ज्या त्रुटी लिहिणार आहे, त्या सुधारायला त्यांना वाव मिळावा.

वर्ग नवशिक्यांसाठी नाही. ज्यांच्याकडे परवाना आहे, गाडीही आहे, परंतु गाडीशी ओळख केवळ स्टिअरिंग आणि ब्रेकपुरतीच आहे, अशांसाठी तो आहे. लागोपाठच्या दोन रविवारी सकाळी तीन-तीन तास आणि शुल्क 1,500 रुपये, अशी त्याची मांडणी आहे. शिकवणारे गृहस्थ सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षे घालवलेले मिस्त्री आहेत. बोलणे मोजके, किंचित तिरकस, पण प्रश्न विचारणाऱ्याला कधी हिणवत नाहीत. शिकवण्यासाठी दोन गाड्या ठेवलेल्या आहेत: एक जुनी, किल्लीने सुरू होणारी डिझेल हॅचबॅक आणि दुसरी अलीकडची, बटणाने सुरू होणारी पेट्रोल ऑटोमॅटिक. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे, कारण वर्गात येणाऱ्यांपैकी निम्मे जण याच वाटेने, म्हणजे जुन्या मॅन्युअल गाडीवरून नव्या ऑटोमॅटिकवर, आलेले असतात.

अशा वर्गाची गरज का पडावी, याचे उत्तर शोरूममधील डिलिव्हरीच्या प्रसंगात आहे. नवी गाडी ताब्यात देताना नारळ फुटतो, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो निघतो, पेढे वाटले जातात आणि मग एक तरुण कर्मचारी घाईघाईने फोन ब्लूटूथला कसा जोडावा हे दाखवतो. लाल रंगाची तेलाची बुधली दिसली तर काय करावे, हा विषय त्या वीस मिनिटांत येत नाही. माहितीपुस्तिका गाडीसोबत असते, पण ती बहुधा जाडजूड आणि इंग्रजीत असते, आणि कागदपत्रांच्या पाकिटासह ग्लोव्ह बॉक्समध्ये जाऊन पडते ती गाडी विकेपर्यंत. ज्या शहरात महिंद्राच्या गाड्या तयार होतात आणि बॉशच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर बनतात, त्या शहरातील सुशिक्षित गाडीमालकाला आपल्याच डॅशबोर्डचे अर्धे दिवे ओळखता येऊ नयेत, हे जरा गमतीचेच आहे.

पहिल्या रविवारी गाडी जागची हलत नाही. प्रत्येकाला चालकाच्या सीटवर बसवून आधी सीट, मग आरसे, मग पट्टा हा क्रम घोटून घेतात. सीटचा क्रमांक पहिला का, तर सीट सरकवली की आरशांतले सारे दृश्य बदलते, म्हणून आरसे आधी लावण्याला अर्थ नसतो. त्यानंतर डोळे मिटून हात घालायला सांगतात: वायपर दाखवा, डिपर दाखवा, समोरच्या काचेचे बाष्प घालवणारे बटण दाखवा, चारही इंडिकेटर एकदम लावणारे बटण दाखवा. हा प्रकार प्रथम पोरखेळ वाटतो, परंतु कसारा घाटात धुके अचानक अंगावर आल्यावर बटण शोधण्यासाठी मान खाली घालायला वेळ नसतो, हे ध्यानात आले की त्याचे मोल कळते. इंडिकेटरची दांडी मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या गाड्यांत उजव्या हाताला असते, तर फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या गाड्यांत डाव्या हाताला. एकीची सवय घेऊन दुसरीत बसलेला माणूस कॉलेज रोडच्या सिग्नलला वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरवतो, हे दृश्य वर्गातही पाहायला मिळाले आणि सगळे मनमुराद हसले.

या भागातील दोन गोष्टी मला विशेष उपयुक्त वाटल्या. स्टिअरिंगच्या बाजूला, गुडघ्याच्या वरच्या अंगाला 0 पासून 3 किंवा 4 पर्यंत आकडे असलेली एक लहानशी चकती पुष्कळ गाड्यांत असते. वर्गातील बहुतेकांचा समज ती मीटरचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी असल्याचा होता. प्रत्यक्षात ती हेडलाइटचा झोत वर-खाली करते. मागे तिघे बसले आणि डिकी सामानाने भरली की गाडीचे नाक वर उचलले जाते, आणि लो बीम असूनही झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. आकडा वाढवला की तो खाली येतो. रात्री महामार्गावर जो समोरचा माणूस आपल्याला सारखा डिपर मारत असतो, त्याचे म्हणणे पुष्कळदा एवढेच असते.

दुसरी गोष्ट काचेवरील बाष्पाची. पावसाळ्यात इगतपुरीच्या पुढे गेल्यावर समोरची काच क्षणार्धात धूसर होते आणि बहुतेक चालक हाताशी असलेल्या फडक्याने ती पुसू लागतात. मिस्त्रींनी सांगितलेली कसोटी सोपी आहे: काचेवर आतून बोट फिरवावे, रेघ उमटली तर बाष्प आतले, न उमटली तर बाहेरचे. आतले असेल तर एसी चालू ठेवून हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा आणि बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडावा, कारण एसी हवेतील ओलावा काढून टाकतो, तर आतलीच हवा फिरवत ठेवल्यास ओल्या कपड्यांचा आणि माणसांच्या श्वासाचा दमटपणा गाडीतच साठत जातो. बाष्प बाहेरून धरले असेल तर एसीने काच फार गार झाली आहे असे समजावे. अशा वेळी तापमान थोडे वाढवून वायपर फिरवला की काम होते. पाऊस किंवा धुके लागताच चारही इंडिकेटर लावून धावत राहण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिलाही त्यांनी चांगलेच फैलावर घेतले: चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही वळणार आहात हे मागच्याला कळणार कसे? धुक्यात लो बीम आणि असल्यास फॉग लॅम्प, एवढेच लावावे. मीटरमध्ये पुढच्या फॉग लॅम्पचे चिन्ह हिरवे आणि मागच्याचे पिवळे असते, हेही त्याच ओघात आले.

गाडी सुरू करण्याच्या पद्धतीला त्यांनी जवळजवळ तासभर दिला. सेल्फ मारण्यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काय असणार, असे वाटत होते, पण वर्गाचा खरा कस येथेच दिसला. किल्लीच्या गाडीत लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट असे चार टप्पे असतात. किल्ली फिरतच नसेल तर ती ताकद लावून पिरगाळू नये. स्टिअरिंगचे कुलूप अडकलेले असते, म्हणून एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवावी. ऑनवर आल्यावर क्षणभर थांबावे. त्या अवधीत पेट्रोल गाडीचा इंधन पंप दाब तयार करतो, संगणक स्वतःची तपासणी करतो आणि समोरचे दिवे लागतात. डिझेल गाडीत पिवळ्या रंगाचे, स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखे एक चिन्ह उजळते; ते ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिनात डिझेल पेटावे म्हणून आतली हवा तापवणारे भाग, तापत असल्याचे लक्षण असते आणि ते विझेपर्यंत सेल्फ मारायचा नसतो. थंडीत ज्या निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेथून येणारे एक द्राक्ष बागायतदार वर्गात होते. पहाटे गाडी लवकर का घेत नाही, या त्यांच्या तक्रारीचा उलगडा त्या वेटोळ्यात झाला.

सेल्फ एका वेळी पाच ते दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये, गाडी सुरू न झाल्यास अर्धा मिनिट थांबून मग पुन्हा प्रयत्न करावा, आणि इंजेक्शनच्या गाडीत सुरू करताना ॲक्सिलरेटर दाबू नये, हे नियम माहितीपुस्तिकेतही सापडतात. मात्र न सुरू होणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून दोष कोणत्या बाजूचा आहे हे कसे ओळखावे, ते पुस्तिकेत सहसा नसते. मिस्त्रींनी जुन्या गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल मुद्दाम सैल केले आणि किल्ली फिरवली. टक् असा एकच आवाज आला, मीटरचे दिवे मंदावले आणि सारे शांत झाले. “हा बॅटरीचा आवाज,” ते म्हणाले. “टर्मिनल हलवून बघा, पांढरी-हिरवी बुरशी धरलीय का बघा, मगच मेकॅनिकला फोन करा.” याउलट सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो आहे पण इंजिन पेट घेत नाही, अशी स्थिती असेल तर बॅटरीला दोष देऊ नये. तेव्हा इंधन, इग्निशन किंवा किल्ली न ओळखणारे इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) यांपैकी कुठेतरी अडलेले असते, आणि सेल्फ मारत राहिल्याने धडधाकट बॅटरीही उतरते.

बटणाच्या गाडीविषयी बोलताना वर्गातील दोन-तीन चेहरे उजळले, कारण त्यांचा घोळ एकच होता. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबले की बहुतेक गाड्यांत आधी फक्त रेडिओ वगैरे चालू होते, दुसऱ्यांदा दाबले की मीटर जागे होते आणि तिसऱ्यांदा दाबले की सगळे बंद पडते. इंजिन सुरू व्हायचे असेल तर ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर ‘पी’ वर ठेवून ब्रेक पूर्ण दाबावा लागतो, आणि मॅन्युअलमध्ये बहुधा क्लच. रिमोटचा सेल क्षीण झाला तर पुष्कळ गाड्यांत रिमोटच थेट बटणाला किंवा ठरावीक जागी टेकवून गाडी सुरू करता येते, परंतु रिमोट नेमका कुठे टेकवायचा ती जागा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. नेमकी हीच गोष्ट ज्याने त्याने आपापल्या गाडीत करून पाहायची, असा दुसऱ्या रविवारचा गृहपाठ होता. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, हे मात्र त्यांना दोनदा सांगावे लागले. एका काकांचा त्यावर विश्वासच बसत नव्हता.

पुराच्या पाण्याचा विषय त्यांनी स्वतःहून काढला. गोदावरीला पूर येऊन पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढल्याच्या बातम्या येतात, तेव्हा शहरातील सखल रस्त्यांवरही गाड्या अडकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून सुरू करण्याचा मोह सर्वांनाच होतो. हवेसारखे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जेथे केवळ सफाईचा खर्च आला असता तेथे इंजिनच उघडावे लागते. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि टोइंग मागवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता दिव्यांकडे येतो, कारण बहुतेक लोक याच भागासाठी शुल्क भरतात. गाडी कोणत्याही कंपनीची असो, ही चिन्हे बव्हंशी सारखीच असतात, कारण त्यांच्यासाठी आयएसओ 2575 नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. शिवाय चिन्ह समजले नाही तरी रंग समजतो. लाल दिसला तर सुरक्षित जागा पाहून थांबा, पिवळा दिसला तर गॅरेजची वेळ घ्या, हिरवा किंवा निळा दिसला तर काहीतरी चालू आहे एवढेच समजा, अशी त्यांची ढोबळ विभागणी आहे. ओढलेला हँडब्रेक, उघडे दार, न लावलेला पट्टा यांचेही दिवे लालच असतात, म्हणून लाल दिसताच हातपाय गाळू नयेत, ही पुस्तीही त्यांनी लगेच जोडली.

किल्ली ऑनवर आणून सर्वांना दिवे मोजायला लावले, तेव्हा प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. मग इंजिन सुरू केले आणि कोणता दिवा आधी विझला, कोणता नंतर, हे विचारले. तेलाची बुधली आणि बॅटरी हे दोन दिवे इंजिन बंद असताना लागलेलेच असले पाहिजेत, कारण तेव्हा तेलाला दाब नसतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरत नसतो. इंजिन सुरू होताच एक-दोन सेकंदांत ते विझले पाहिजेत. एअरबॅग आणि एबीएस यांचे दिवे तपासणी आटोपून आपोआप विझतात. जो दिवा ऑनवर लागतच नाही, तो बिघाड झाल्यावरही लागणार नाही. गाडी सुरू करताना रोज होणारी ही दोन सेकंदांची तपासणी आपण रोजच न पाहता घालवतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे आवर्जून पाहावे, कारण दोष लपवण्यासाठी एअरबॅगचा दिवाच निकामी करून ठेवण्याचे प्रकार होतात.

तेलाच्या लाल बुधलीविषयी सर्वांचा एक गैरसमज असतो, तो म्हणजे हा दिवा तेल कमी झाल्याचा आहे. तो तेलाच्या पातळीचा नसून दाबाचा आहे. तेल भरपूर असूनही पंप किंवा गाळणी निकामी झाली तर तो लागतो, आणि पातळी घसरलेली असूनही दाब टिकून आहे तोवर तो लागत नाही. म्हणून गेज, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहणे सुटत नाही. चालत्या गाडीत हा दिवा लागला तर पुढचे गॅरेज गाठण्याचा विचारही करू नये. वर्गातील एका ताईंनी विचारले, “पण गाडी तर व्यवस्थित चालत असते ना तेव्हा?” त्यावर मिस्त्री म्हणाले, “चालतीय तोवरच बंद करायची, ताई. नंतर तीच बंद होते आणि मग उघडावी लागते.” तेलाच्या दाबाशिवाय बेअरिंग काही क्षणांत घासू लागतात. मुंबई-आग्रा महामार्गावर अशी वेळ आली तर राष्ट्रीय महामार्गांसाठी असलेला 1033 हा मदत क्रमांक आहे, हेही फळ्यावर लिहिले गेले.

बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी खराब, हाही तसाच एक समज. चालत्या गाडीत तो लागला तर बॅटरी चार्ज होत नाही, एवढाच त्याचा अर्थ; दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याचा असतो. बॅटरीत साठा आहे तोवर गाडी धावते, म्हणून एसी आणि अनावश्यक दिवे बंद करून जवळचे गॅरेज गाठता येते. पण अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो, आणि पट्टा तुटला असेल तर तापमानाचा काटा वर चढू लागतो. बॅटरीचा दिवा आणि काटा असे दोन्ही एकदम दिसले तर गॅरेज विसरून तेथेच थांबावे.

ब्रेकच्या दिव्याचे प्रात्यक्षिक मला सर्वांत आवडले. जुन्या गाडीचे बॉनेट उघडून त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण फिरवून हळूच वर उचलले. झाकणाला खालून एक तरंगता लोलक लटकलेला होता. तेलातून बाहेर येताच तो खाली सरकला, आणि हँडब्रेक सोडलेला असतानाही आत बसलेल्या मुलीने ओरडून सांगितले की लाल दिवा लागला. झाकण परत बसवले, दिवा विझला. ब्रेक पॅड झिजत जातात तसे ते दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये अधिक तेल साठते आणि डबीतील पातळी उतरते. म्हणूनच ब्रेक मारताना किंवा वळणावर हा दिवा क्षणभर लागून विझू लागला, तर तो पॅड संपत आल्याचा किंवा कुठेतरी गळती असल्याचा इशारा असतो. हँडब्रेक अर्धवट राहिला असेल म्हणून दोनदा वर-खाली करून पुढे निघून जाणाऱ्यांपैकी वर्गात बरेच जण होते. एकटा पिवळा एबीएस लागला तर साधा ब्रेक शाबूत असतो, फक्त चाके न अडकण्याची सोय गेलेली असते. पण लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस एकत्र लागले तर मात्र सप्तशृंगी गडाचा किंवा कसाऱ्याचा उतार त्या गाडीने उतरू नये.

पिवळ्या इंजिनाच्या चिन्हाबाबत स्थिर आणि लुकलुकणारा हा फरक त्यांनी नीट समजावला. स्थिर दिवा सेन्सरपासून इंधनापर्यंत कशाचाही असू शकतो आणि गाडी नीट ओढत असेल तर सावकाश दाखवता येतो. लुकलुकणारा दिवा मिसफायरिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याचा असतो. न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि तो महागडा भाग निकामी होतो. स्टिअरिंगखाली असलेल्या सॉकेटला स्कॅनर लावून त्यांनी कोड वाचून दाखवला, आणि कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हेही बजावले. तापमानाच्या चिन्हावर ते घाईत गेले: निळे म्हणजे इंजिन अजून गार आहे, लाल म्हणजे हीट झाले आहे, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. टायरच्या हवेचा पिवळा दिवा, म्हणजे घोड्याच्या नालाच्या आकारात उद्गारचिन्ह, थंडीच्या पहाटे का लागतो, याचे कारण मात्र त्यांनी नेटके सांगितले: तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने घटतो. 80 किलोमीटरच्या पुढे ऐकू येणारी घंटा बिघाडाची नसून 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या केलेल्या वेगसूचनेची आहे, आणि 120 च्या पुढे ती थांबतच नाही, हे समजल्यावर एका गृहस्थांची समृद्धी महामार्गावरील चिंता मिटली.

आता उणिवांकडे. पहिली इतकी ढळढळीत आहे, की ती कोणाच्या लक्षात कशी आली नाही याचे नवल वाटते. दिव्यांची चिन्हे असलेला जो कागद वाटला जातो, तो काळा-पांढरा झेरॉक्स आहे. तीन तास रंगांचे महत्त्व पटवून दिल्यानंतर हाती करड्या रंगाचा कागद देणे म्हणजे केलेल्या मेहनतीवर पाणी ओतणे आहे. थंड आणि तापलेल्या इंजिनाची चिन्हे त्या कागदावर एकसारखीच दिसतात. दहा-वीस रुपये जास्त घ्यावेत, पण रंगीत छापून द्यावे. दुसरी उणीव संख्येची. एका गाडीभोवती बारा-चौदा माणसे उभी राहिली की मीटर फक्त पुढच्या तिघा-चौघांना दिसतो, आणि मागचे लोक एकमेकांच्या खांद्यांवरून ऐकीव माहितीवर समाधान मानतात.

एका मुद्द्यावर माझा सरळ मतभेद आहे. सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटे उभीच ठेवावी, असा मिस्त्रींचा आग्रह आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यातील ही सवय इंजेक्शनच्या गाड्यांना लागू करण्याचे कारण दिसत नाही. उभ्या गाडीचे इंजिन सावकाश तापते आणि तोवर इंधन फुकट जाते; अर्धा-एक मिनिट थांबून पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिनला न रेटता चालवणे, हेच आजच्या गाड्यांना मानवते. नाशिकची थंडी कितीही बोचरी असली तरी येथे पारा शून्याखाली जात नाही. लांबच्या प्रवासानंतर टर्बो असलेली गाडी बंद करण्यापूर्वी थोडा वेळ आयडलवर ठेवावी, हा त्यांचा दुसरा सल्ला मात्र योग्य आहे.

डिझेलच्या डीपीएफ दिव्याला त्यांनी दोन वाक्यांत उरकले, ही गोष्ट खटकली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे प्रदूषणाचे मानक आल्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी ही गाळणी आली. इंदिरानगर ते कॉलेज रोड एवढीच ये-जा करणाऱ्या गाडीत ती कधी पुरेशी तापत नाही आणि काजळीने भरत जाते. दिवा लागल्यावर मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका वेगाने गाडी चालवली की काजळी जळून जाते. किती वेगाने आणि किती वेळ, ते त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर पुढे गॅरेजमध्ये सक्तीने सफाई करावी लागते आणि तिचा खर्च चांगलाच जाणवतो. शहरात डिझेल वापरणाऱ्यांना हा दिवा अन्य कोणत्याही दिव्यापेक्षा अधिक वेळा भेटणार आहे, तेव्हा त्याला अर्धा तास तरी मिळायला हवा. सीएनजी आणि विजेवरील गाड्या या वर्गात येतच नाहीत. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने ती ‘रेडी’ झाली आहे की नाही हे केवळ दिव्यावरूनच कळते, आणि अशा गाड्या रस्त्यांवर वाढत असताना हे अंग कोरे ठेवणे परवडणारे नाही.

एवढे असूनही 1,500 रुपयांत हा वर्ग महाग वाटला नाही. घरातील ज्या व्यक्तीला एरवी गाडीची फक्त किल्ली दिली जाते आणि बाकीचे ‘मी बघतो’ म्हणून राखून ठेवले जाते, तिला तर येथे अवश्य पाठवावे. वर्गात गृहिणींची संख्या लक्षणीय होती आणि सर्वांत नेमके प्रश्नही त्यांचेच होते. ज्यांना बॉनेटखालच्या भागांची आधीच माहिती आहे, त्यांनी केवळ दुसरा रविवार मागून पाहावा. विनंती केल्यास निम्म्या शुल्कात तशी सोय करतात. नावनोंदणी फोनवरच होते आणि पावसाळ्यापूर्वीच्या तुकड्या लवकर भरतात. गाड्या पत्र्याच्या शेडबाहेर उभ्या असल्याने उन्हाळ्यात टोपी आणि पाणी सोबत न्यावे लागते. जाताना स्वतःच्या गाडीची माहितीपुस्तिका आणि कपाटात पडलेली दुसरी किल्ली, अशा दोन्ही वस्तू न्याव्यात. दुसऱ्या रविवारी रिमोटचा सेल काढून गाडी सुरू करायला लावतात, आणि वर्षानुवर्षे न वापरलेल्या त्या दुसऱ्या किल्लीचा सेल कधीच संपलेला असतो.